अक्षर हललं आणि शिरोरेखा तुटली

मोशन ग्राफिक्स शिकणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेकांनी आफ्टर इफेक्ट्स या चित्रांना हालचाल देणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव लिहिलं होतं, म्हणून उत्तरं त्यालाच धरून आहेत. चौकटीचं माप १९२० बाय १०८० आणि वेग सेकंदाला २५ फ्रेम्स असं सगळीकडे गृहीत धरलं आहे.

मी डीटीपीचं काम करतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये मराठी शीर्षक एकेक अक्षराने आणायला गेलो की वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. जुन्या फाइलमधला मजकूर चिकटवला तर नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. फॉन्ट बदलू का? — एक वाचक, इचलकरंजी

यात तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत, आणि फॉन्टचा संबंध त्यातल्या एकीशीच आहे.

इंग्रजी चिन्हं दिसतात, कारण तुमचा जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या, युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या पद्धतीने टाइप केलेला असणार. त्या मजकुरात 'क' नसतोच, 'क'सारखं चित्र दाखवणारं रोमन अक्षर असतं. परिवर्तक वापरून तो आधी युनिकोडमध्ये आणा. परिवर्तन झाल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, चुका हमखास तिथेच सापडतात. मग मुक्ता, बालू, नोटो असा एखादा मोफत युनिकोड फॉन्ट घ्या.

वेलांटी व्यंजनानंतर येते आणि हलन्त पाय दिसतो, तेव्हा दोष टेक्स्ट इंजिनचा असतो. प्रेफरन्सेसमध्ये टाइप नावाचं पान आहे. तिथे इंजिन निवडायची सोय दिसली तर लॅटिन सोडून साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न निवडा, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा आणि नव्या लेयरवर टाइप करा. चाचणीसाठी एवढी एक ओळ पुरते: किल्ल्याला, तऱ्हा, हृदय, शर्यत, राष्ट्र. 'तऱ्हा'तला अर्धा र चंद्रकोरीसारखा दिसला आणि वेलांटी 'क'च्या अलीकडे बसली, की पुढचं काम सुरू करायला हरकत नाही.

तिसरी अडचण खरी आपली, म्हणजे देवनागरीची. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात, आपली शिरोरेखेच्या एका दांडीवर वाळत घातलेली असतात. एकेक अक्षर वर-खाली हललं की दांडी तुटते, आणि वाचणाऱ्याला शब्दाऐवजी तुटकी दांडीच दिसत राहते. ट्रॅकिंग वाढवून अक्षरं फाकवण्याचा इंग्रजी शीर्षकांतला लाडका प्रकार म्हणूनच मराठीत वापरू नका. ट्रॅकिंग शून्यावरच ठेवा. नेहमीच्या शीर्षकांना शब्द हेच एकक धरा. टेक्स्ट लेयरच्या अ‍ॅनिमेट मेनूतून पोझिशन घ्या, ० आणि ५० द्या. त्याच अ‍ॅनिमेटरमध्ये ओपॅसिटी जोडून ती ० करा. रेंज सिलेक्टरच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये बेस्ड ऑन कॅरेक्टर्स असतं, ते वर्ड्स करा. शेप रॅम्प अप ठेवा आणि ऑफसेटला उणे १०० ते १०० अशा दोन कीफ्रेम (ठरावीक क्षणाला नेमून दिलेल्या किमती) २५ फ्रेम्सच्या अंतराने द्या. शब्द डावीकडून एकामागून एक वर चढत येतील आणि कुठलीही दांडी तुटणार नाही.

एखाद्या मोठ्या शीर्षकासाठी मात्र तुटणाऱ्या शिरोरेखेचाच उपयोग करून घेता येतो. 'पाऊस' हा शब्द घ्या, २०० पिक्सेल, ठळक. लेयरवर उजवी क्लिक करून क्रिएट शेप्स फ्रॉम टेक्स्ट करा. ४०० टक्के मोठं करून पेनने, शिफ्ट दाबून, मूळ शिरोरेखेवर बरोबर तेवढ्याच जाडीची एक रेघ नव्या शेप लेयरवर मारा, टोकं बट कॅप, म्हणजे सपाट, ठेवा. तिला ट्रिम पाथ्स (रेघ एका टोकापासून उमटवणारी सोय) लावून एंड ० ते १००, १२ फ्रेम्समध्ये. आता अक्षरांच्या लेयरला आयताकृती मास्क (बाहेरचं झाकणारी चौकट) द्या आणि त्याची वरची कड शिरोरेखेच्या खालच्या कडेला टेकवा. मग प्रत्येक अक्षराच्या गटाची पोझिशन उणे २२० वरून मूळ जागी आणा, प्रत्येक गट आधीच्याच्या ३ फ्रेम्स मागे. दांडी ओढली जाते आणि अक्षरं तिच्यामागून खाली उतरून लोंबकळतात, लिहिताना हात उलट क्रमाने चालावा तसं.

इथे अडकायला होतं ते तीन ठिकाणी. पहिलं, पोझिशन हलवायची ती शेपच्या आतल्या गटाची. पूर्ण लेयर हलवलात तर मास्कही त्याच्याबरोबर सरकतो आणि काहीच झाकलं जात नाही. दुसरं, अक्षरं हळूहळू उमटवायची असतील तर ओपॅसिटी गटांची नको, सबंध लेयरची कमी करा. गट अर्धपारदर्शक झाले की जिथे दोन अक्षरांच्या दांड्या एकमेकींवर चढतात तिथे गडद ठिपके दिसतात. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: भ, ध आणि थ यांच्या डोक्यावरची दांडी अपुरी असते. तुमची रेघ सरळ पुढे गेली की 'धन'चं 'घन' होतं आणि 'भात' हा 'मात' वाचला जातो. तिथे रेघ तोडून दोन तुकडे करा.

'पाऊस'मध्ये दांडीच्या वर काही नाही, म्हणून हा शब्द सरावाला सोपा. मात्रा, अनुस्वार, रफार असलेल्या शब्दात दांडीच्या वरचे तुकडे निराळ्या लेयरवर काढून शेवटी, बाकीच्यांच्या ४ फ्रेम्स मागून, वरच्या दिशेने उगवू द्या.

माझी प्रत्येक हालचाल शाळेतल्या स्लाइड-शोसारखी दिसते. कीफ्रेम तर बरोबर आहेत. — एक विद्यार्थिनी, नाशिक

कीफ्रेम बरोबर असतील, पण त्यांच्यामधला प्रवास एकाच वेगाने होतोय. झोका आठवा: दोन्ही टोकांना मंद, मध्ये जोरात. दोन्ही कीफ्रेम निवडून एफ-९ दाबलं की तुम्हाला हाच झोका मिळतो. पण पडद्यावर येणारी वस्तू झोक्यासारखी यावी असं थोडंच आहे? ती कॅरमच्या स्ट्रायकरसारखी यायला हवी, सुटताना पूर्ण वेगात आणि मग घासत घासत थांबणारी. ग्राफ एडिटर उघडा, स्पीड ग्राफ घ्या. एफ-९ ने दोन्हीकडे ३३.३३ टक्के प्रभाव दिलेला असतो. शेवटच्या कीफ्रेमचा ७५ ते ८० करा, पहिल्याचा १० च्या आसपास आणा. शिवाय वेळ कापा: आत यायला १२ ते १५ फ्रेम्स, बाहेर जायला ८ ते १० पुरतात. नवशिके प्रत्येक हालचालीला पूर्ण सेकंद देतात, त्यामुळेही ती रेंगाळल्यासारखी वाटते. सरकत्या बातमीपट्टीला मात्र एकसारखा वेगच हवा, तिथे एफ-९ लावलंत तर वाचणाऱ्याला गरगरेल.

तुमच्या फाइलमधला लोगो दोन सारख्याच कीफ्रेममध्ये स्थिर राहण्याऐवजी जरा भटकून परत येतो, असंही तुम्ही लिहिलंय. तो वेगाचा दोष नाही. पोझिशनचा मार्ग आपोआप वक्र धरला जातो, त्याचा हा परिणाम. प्रेफरन्सेसच्या जनरल पानावर डिफॉल्ट स्पेशिअल (spatial) इंटरपोलेशन टू लिनिअर या चौकटीवर खूण करा. आधीच केलेल्या कीफ्रेमवर उजवी क्लिक करून कीफ्रेम इंटरपोलेशनमध्ये स्पेशिअल हे लिनिअर करा.

स्त्री-पुरुष साक्षरतेचा आलेख अ‍ॅनिमेट करतो आहे. दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून अक्ष ७० पासून सुरू केला. सहकारी म्हणतो हे चुकीचं, त्यापेक्षा पाय चार्ट कर. कोण बरोबर? — एका वृत्तसंकेतस्थळाचा कर्मचारी, पुणे

सहकाऱ्याचं पहिलं म्हणणं बरोबर, दुसरं साफ चूक.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली पुरुष साक्षरता ८८.३८ टक्के आणि स्त्रियांची ७५.८७ टक्के आहे. अक्ष ७० पासून सुरू केला की दिसणारी उंची उरते १८.३८ आणि ५.८७, म्हणजे एक स्तंभ दुसऱ्याच्या तिपटीहून उंच. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ७० लिहिलेलं असलं तरी वाढत जाणारा स्तंभ पाहताना ते कोण वाचतो? स्तंभाची लांबी हाच त्याचा अर्थ असतो, म्हणून त्याचं बूड शून्यावरच हवं. आणि पाय चार्ट तेव्हाच, जेव्हा भाग मिळून एक पूर्ण होतं. ८८.३८ आणि ७५.८७ यांची बेरीज कशाचीच पूर्ण होत नाही.

स्तंभ काढायची सगळ्यात कमी कटकटीची रीत अशी. आयत काढू नका, पेनने खालून वर ८०० पिक्सेलची उभी रेघ काढा. स्ट्रोकची जाडी १२०, टोकं बट कॅप. ट्रिम पाथ्स लावा. आता पूर्ण रेघ म्हणजे १००, त्यामुळे एंडला जो आकडा द्याल तोच तुमचा टक्का: ८८.३८ दिला की स्तंभ ७०७ पिक्सेल, ७५.८७ दिला की ६०७. कुठलंही गणित नको, एक्स्प्रेशन (लिहून द्यायचं सूत्र) नको. उद्या आकडा बदलला तर एकच कीफ्रेम बदलायची. स्तंभ वरून खाली वाढायला लागला तर रेघ उलट दिशेने काढली गेली आहे. पाथच्या ओळीतलं दिशा बदलणारं बटण दाबा. गोल टोकं छान दिसतात, पण ती स्तंभाला अर्ध्या जाडीएवढी, इथे ६० पिक्सेल, फुकटची उंची देतात. ८०० पिक्सेलमध्ये ६० म्हणजे साडेसात टक्के!

आयताला स्केल लावून वाढवणारे पुष्कळ आहेत. त्यात दोन गोष्टी बिघडतात. अँकर पॉइंट (ज्या बिंदूभोवती वस्तू वाढते किंवा फिरते तो) मध्यभागी राहिला की स्तंभ दोन्हीकडे फुगतो, आणि कोपरे गोलसर असतील तर स्केलबरोबर तेही चेपले जातात.

आता तुमची मूळ तक्रार, फरक दिसत नाही ही. अक्षाला हात न लावता फरकच अ‍ॅनिमेट करा. दोन्ही स्तंभ एकाच वेळी सुरू करून १८ फ्रेम्समध्ये पूर्ण करा. १० फ्रेम्स थांबा. मग पुरुषांच्या स्तंभाच्या माथ्यावरून एक तुटक आडवी रेघ स्त्रियांच्या स्तंभावर न्या आणि मधली मोकळी जागा, जी बरोबर १०० पिक्सेलची येते, वेगळ्या रंगाने भरा. तिच्यात १२.५१ हा फरकाचा आकडा ठेवा. बघणाऱ्याची नजर आपोआप तिथे जाते. शेवटचं चित्र निदान ३ सेकंद स्थिर ठेवा. आलेख हलत असताना कुणी वाचत नाही, थांबल्यावर वाचतो.

स्तंभ जरा वर जाऊन उसळून परत येतो ती हालचाल शीर्षकाला शोभते, आलेखाला नाही. तेवढ्या चार फ्रेम्स तुम्ही ८८.३८ च्या जागी ९४ दाखवत असता, आणि कुणीतरी नेमका तिथेच स्क्रीनशॉट घेतो.

पाय चार्ट योग्य असेल तेव्हा तो कसा करायचा? आणि मोठा आकडा मराठी अंकांत मोजत नेता येईल का? — एक शिक्षिका, लातूर

पायसाठी २०० बाय २०० चं वर्तुळ, फिल बंद, स्ट्रोक २००. जाडी मध्यापर्यंत पोचते आणि ४०० पिक्सेल व्यासाची भरीव थाळी तयार होते. ट्रिम पाथ्सचा एंड म्हणजे टक्का; सुरुवात घड्याळातल्या बाराच्या जागेपासून. दुसरी फोड करायची तर लेयरची नक्कल करा, तिचा स्टार्ट पहिल्याच्या एंडला पिकव्हिपने (ओढून जोडायच्या दोरीने) जोडा. चारपेक्षा जास्त फोडी झाल्या तर सरळ आडवे स्तंभ करा.

मोजत जाणाऱ्या आकड्यासाठी टेक्स्ट लेयरवर स्लायडर कंट्रोल टाकतात आणि सोर्स टेक्स्ट त्याला जोडतात. समजा महाराष्ट्राची २०११ ची लोकसंख्या, ११,२३,७४,३३३, दाखवायची आहे. स्लायडर १०,००,००० च्या पुढे जातच नाही, आणि बरेच जण इथेच अडकतात. म्हणून स्लायडर ० ते १०० चालवा. एक्स्प्रेशनमध्ये त्याला १०० ने भागा, मूळ आकड्याने गुणा आणि पूर्णांक करा. शेवटी स्लायडर १०० वर आला की आकडा शेवटच्या एककापर्यंत अचूक बसतो.

देवनागरी अंकांसाठी वेगळा फॉन्ट शोधायची गरज नाही. युनिकोडमध्ये इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आणि आपल्या शून्याचा २४०६. म्हणजे प्रत्येक अंकाच्या क्रमांकात २३५८ मिळवले की मराठी अंक मिळतो. हे एकदा एक्स्प्रेशनमध्ये लिहून ठेवा. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने द्या, उजवीकडून आधी तीन अंक आणि मग दोन-दोन. आयत्या मिळणाऱ्या एक्स्प्रेशनमध्ये बहुधा तीन-तीनचे गट असतात आणि त्यातून कोटींचा अंदाज आपल्या मुलांना येत नाही.

आकडा मोजताना थरथरतो, कारण अंकांच्या रुंदी वेगवेगळ्या आहेत. मजकूर मध्यात न ठेवता उजवीकडे जुळवा. फॉन्ट निवडताना ११११ आणि त्याखाली ८८८८ टाइप करून बघा. दोन्ही ओळी सारख्याच रुंदीच्या असतील तर तो फॉन्ट घ्या.

इलस्ट्रेटरमध्ये वारली पद्धतीचा तारपा नाच काढला आहे. आफ्टर इफेक्ट्समध्ये आणला की सगळं चित्र एकच लेयर होतं. एकेक माणूस नाचवायचा कसा? — एक कला-विद्यार्थी, पालघर

आफ्टर इफेक्ट्सला इलस्ट्रेटरचे फक्त सगळ्यात वरच्या पातळीवरचे लेयर दिसतात, गट दिसत नाहीत. लेयर्स पॅनेलच्या मेनूत रिलीज टू लेयर्स, सिक्वेन्स असा पर्याय आहे तो वापरा, आणि तयार झालेले उपलेयर ओढून बाहेर, मूळ लेयरच्या वर आणून ठेवा. ओढायचं विसरलात तर परत एकच लेयर येईल. फाइल आरजीबीमध्ये (पडद्याच्या रंगपद्धतीत) आहे ना, तेही बघा. छपाईच्या सवयीने सीएमवायके राहिली की गेरूचा लाल मरगळतो. आयात करताना कॉम्पोझिशन, रिटेन लेयर सायझेस निवडा, म्हणजे प्रत्येक तुकड्याचा अँकर पॉइंट त्या तुकड्याच्याच मध्याशी येईल.

तिथूनही तो हलवावा लागतोच. वाय दाबून हाताचा अँकर खांद्यावर, पायाचा कमरेवर न्या. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, आणि जिथे टोकं भेटतात तीच कंबर. वरच्या त्रिकोणाचा अँकर तिथे ठेवून त्याला ६ अंश डावी-उजवीकडे डोलवा. डोकं आणि हात वरच्या त्रिकोणाला पेरेंट करा (त्याच्याबरोबर हलतील असे जोडा), पाय खालच्याला. आधी अँकर, मग पेरेंट, मग कीफ्रेम. क्रम उलटा झाला की मागाहून अँकर हलवताना सगळं चित्र जागचं उडतं.

पण तुमच्या चित्रात नाचणारे भरपूर असणार, आणि प्रत्येकाला असे सांधे देत बसलात तर पावसाळा संपेल. एकच माणूस नीट करा, तोही शेप लेयरमध्ये: क्रिएट शेप्स फ्रॉम व्हेक्टर लेयर. ग्रेडियंट आणि पारदर्शकता या वाटेने टिकत नाहीत, वारलीला दोन्हींची गरजच नाही. इथे पेरेंट नसतं, तर एकात एक गट असतात. माणसाचे सगळे तुकडे एका गटात घ्या आणि डोलणं, पाय उचलणं आतल्या गटांच्या रोटेशनने करा. त्या गटाची पोझिशन ०, उणे ३०० ठेवा, म्हणजे तो केंद्रापासून ३०० पिक्सेल वर उभा राहील. कंटेंट्समध्ये त्या गटाच्या बाहेर, खाली, रिपीटर (नकला काढणारी सोय) टाका: कॉपीज २४, पोझिशन १०० असते ती ०, रोटेशन १५ अंश. २४ गुणिले १५ म्हणजे पूर्ण फेर. रिपीटरचा स्केल १०० वरून ९८.५ करा; प्रत्येक माणूस आधीच्यापेक्षा जरासा आत आणि जरासा लहान होत जातो, शेवटचा पहिल्याच्या साधारण ७० टक्के राहतो, आणि वर्तुळाची चकली होते. तारप्याचा फेर काढतात तो असाच आत वळत जाणारा असतो. तारपावाला मध्ये, वेगळ्या लेयरवर.

रिपीटरचा एक तोटा सांगितला पाहिजे. सगळ्या नकला एकाच क्षणी एकच पाऊल टाकतात, मागे-पुढे करता येत नाही. कमरेभोवती हात गुंफून नाचणाऱ्यांना तेच शोभतं, त्यामुळे इथे तोट्याचा फायदाच झाला. बाजाराचं दृश्य असतं तर हा उपाय चालला नसता.

कागदावरचं चित्र स्कॅन करून इमेज ट्रेसने व्हेक्टर केलं असेल तर आणखी एक गोष्ट. ट्रेस केलेली रेघ ही रेघ नसते, रेघेच्या आकाराचा भरलेला ठिपका असतो. तिला ट्रिम पाथ्स लावलं की रेघ उमटत नाही, तिच्या कडेने मुंगी फिरल्यासारखी आउटलाइन फिरते. हात-पायांच्या काड्या पेनने पुन्हा उघड्या रेघा म्हणून काढा, जाडी ६ पिक्सेल. अर्ध्या तासाचं काम आहे.

दरमहा पैसे भरणं जमत नाही. फुकटात काय वापरू? — एक वाचक, बडोदे

रेखाटनाला इंकस्केप, हालचालीला ब्लेंडर किंवा डाविंची रिझॉल्व्हमधलं फ्युजन. मराठीपुरती एक अट: ब्लेंडरच्या टेक्स्टमध्ये जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. म्हणून मजकूर इंकस्केपमध्ये टाइप करा, ऑब्जेक्ट टू पाथ करा, एसव्हीजी म्हणून साठवा आणि तो ब्लेंडरमध्ये आयात करा. पाथ केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, तेव्हा टाइप केलेली मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. आयात केलेलं नाव इवलंसं दिसलं तर घाबरू नका, ब्लेंडर एसव्हीजी लहानच आणतो. १०० पट मोठं करा.

लग्नाच्या व्हिडिओवर नाव टाकायला देतो तेव्हा मागे काळा चौकोन येतो. दुसऱ्या एकाने दिलेल्या फाइलमध्ये अक्षरांभोवती काळी कड होती. — एक वाचक, मडगाव

काळा चौकोन येतो, कारण तुम्ही एच २६४ मध्ये काढलंत. त्यात पारदर्शकता साठवायची सोय नाही. आउटपुट मॉड्यूलमध्ये क्विकटाइम घ्या, कोडेक प्रोरेस ४४४४, चॅनेल्स आरजीबी प्लस अल्फा (अल्फा म्हणजे पारदर्शकतेची माहिती). फाइल जड होईल, दहा सेकंदांच्या नावालाही. ती व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तिथे ती पुन्हा दाबली जाते आणि अल्फा जातो. डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हच्या दुव्याने पाठवा.

काळी कड येते ती मात्र फाइल देणारा आणि घेणारा यांचं जुळलं नाही म्हणून. एकाने प्रीमल्टिप्लाइड (कडांच्या रंगात मागचा रंग मिसळलेली) काढली, दुसऱ्याने ती स्ट्रेट (न मिसळलेली) समजून लावली. आफ्टर इफेक्ट्समध्ये त्या फाइलवर उजवी क्लिक, इंटरप्रेट फूटेज, मेन, आणि तिथे प्रीमल्टिप्लाइड निवडून रंग काळा द्या. कड लगेच जाते, फाइल परत मागवावी लागत नाही.